खाण्याचा सोडा, कंडिशनर आणि कुरळे केस: मऊपणा नेमका कशामुळे येतो?

बोरिवलीच्या एका ताईंनी त्यांच्या मुलीच्या केसांविषयी विचारले आहे. मुलगी कॉलेजात जाते, केस दाट, घट्ट वळणांचे आणि खांद्याखाली रुळणारे आहेत. मैत्रिणींकडून तिला एक कृती मिळाली: अर्धी वाटी खाण्याचा सोडा आणि अर्धी वाटी कंडिशनर एकत्र कालवायचा, ओल्या केसांना मुळापासून टोकापर्यंत लावायचा, प्लास्टिकची टोपी घालून अर्धा तास थांबायचे आणि मग केस धुवायचे, तेही दर आठवड्याला. सुरुवातीच्या एक-दोन वेळा केस खरोखर मऊ झाले, परंतु महिनाभरात टोके राठ झाली, गुंता दुप्पट झाला आणि विंचरताना तुटलेले तुकडे कंगव्यात दिसू लागले. सोड्याचे प्रमाण चुकले का, सोडा पूर्ण बंद करावा का, आणि बरणीत कालवून ठेवलेले मिश्रण वापरून संपवावे का, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत.

दादरला पार्लरमध्ये कुरळ्या केसांचे काम मी अनेक वर्षे करते आहे आणि हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आधी निर्णय सांगते. सोडा बंद करावा. ह्या कृतीत केस मऊ करण्याचे काम कंडिशनर आणि तो अर्धा तास हे दोघे मिळून करतात. सोडा केसांवर साचलेला थर थोडाफार सोडवतो, मात्र त्या बदल्यात केसांचा पृष्ठभाग खरखरीत करतो.

केसाच्या बाहेरच्या बाजूला पारदर्शक पेशींचे थर असतात. ते माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसलेले असून त्यांची उघडी कड टोकाकडे असते, म्हणूनच केस मुळाकडून टोकाकडे चोळला तर गुळगुळीत लागतो आणि उलट चोळला तर किंचित अडतो. हे खवले मिटून बसलेले असले की केस चमकतो, एकमेकांवरून घसरतो आणि हाताला मऊ लागतो. कुरळ्या केसाची अडचण अशी की त्याचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो आणि प्रत्येक वळणावर त्याला पीळ बसतो. त्या वळणांवर खवल्यांवर ताण येतो, आणि टाळूवरचे नैसर्गिक तेल सरळ केसावर जसे सहज खाली उतरते तसे इथे उतरत नाही. परिणामी कुरळ्या केसांची टोके जन्मतःच कोरडी म्हणावीत अशी असतात. शिवाय केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसाचे टोक दोन वर्षांहून जुने असते. त्या टोकाने दोन पावसाळे, दोन उन्हाळे आणि असंख्य अंघोळी पाहिलेल्या असतात. केसाचा हा भाग सजीव नसल्याने झालेली झीज आतून भरून येत नाही, आणि म्हणूनच त्यावर कोणताही प्रयोग करताना काटकसरीने वागावे लागते.

आता सोड्याकडे वळू. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो पाण्यात विरघळवला की पाण्याचा पीएच (सामू, म्हणजे आम्लतेचे माप: सातच्या खाली आम्ल, सातच्या वर त्याउलट आम्लारी) साधारण ८.३ होतो. निरोगी टाळूचा पीएच ५.५ च्या आसपास असतो, केसाचा त्याहूनही खाली, सुमारे ३.७, आणि बहुतेक कंडिशनर साडेतीन ते पाच ह्या दरम्यान बनवलेले असतात. ह्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक, हे लक्षात घेतले तर साडेचारच्या कंडिशनरमध्ये ८.३ चा सोडा मिसळणे ही किरकोळ भर राहत नाही. आम्लारिधर्मी पाण्यात केस जास्त फुगतो, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात आणि केसाच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार वाढतो. सारख्या भाराचे केस एकमेकांना दूर लोटतात, उचललेल्या कडा एकमेकींत अडकतात, आणि आपण ज्याला केस पिंजारणे म्हणतो ते सुरू होते.

पुष्कळजणी म्हणतात की सोडा थोडा घेतला, पाणी जास्त घातले तर चालेल. अडचण अशी की बायकार्बोनेटच्या द्रावणात पाणी वाढवले तरी त्याचा पीएच फारसा उतरत नाही. सौम्य द्रावणही आठाच्या आसपासच राहते. प्रमाण कमी केल्याने एवढे होते की सोडा लवकर धुतला जातो आणि केसाच्या नैसर्गिक आम्लतेवर त्याचा जोर कमी चालतो. तेव्हा ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की प्रमाण नक्कीच अति होते, परंतु केवळ प्रमाण सुधारून ही कृती चांगली होणार नाही.

त्या अर्ध्या वाटीची आणखी एक बाजू आहे. १०० मिलिलिटर पाण्यात खोलीच्या तापमानाला जेमतेम नऊ-दहा ग्रॅम सोडा विरघळतो. अर्धी वाटी दाट कंडिशनरमध्ये अर्धी वाटी सोडा विरघळणे शक्यच नाही, त्यामुळे बराचसा सोडा दाण्यांच्या रूपातच राहतो आणि आपण तो फुगलेल्या, खवले उचललेल्या केसांवर चोळतो. मागच्या पावसाळ्यात अशीच कृती करून आलेल्या एका मुलीचे केस मी ओले करून भागाभागांत उकलत होते. मानेवरच्या दाट भागात, मुळाशी, बारीक पांढरी कणी अजून बसलेली होती, आणि त्याखालची त्वचा लालसर होऊन तिला चुणचुणत होते. केस दोनदा धुऊन झाले होते असे ती सांगत होती, आणि ते खरे असणार, कारण दाट कुरळ्या केसांत घट्ट मिश्रण मुळाशी गेले की मगाने दोन वेळा पाणी ओतून ते निघत नाही.

मग पहिल्या एक-दोन वेळा केस मऊ का झाले? तुमच्या मुलीचा अनुभव खरा आहे आणि त्याची कारणे स्पष्ट आहेत. आपल्याकडे केसांवर तेल, सीरम, जेल, क्रीम यांचे थर चढत राहतात आणि सौम्य शाम्पूने ते पूर्ण निघत नाहीत. पहिल्या धुण्यात त्यातला काही भाग सुटला आणि केस हलके झाले. त्याच वेळी केसावरचा ऋण भार वाढल्याने कंडिशनरमधला धन भाराचा घटक जास्त प्रमाणात चिकटला. कंडिशनरच्या बाटलीवर बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड अशी नावे दिसतात, तेच हे घटक. आणि एरवी दोन मिनिटांत धुतला जाणारा कंडिशनर अर्धा तास टोपीखाली राहिला. ह्यातला थर सुटण्याचा फायदा पहिल्याच वेळी संपतो. पुढच्या आठवड्यात सोडवायला काही उरलेले नसते, केस फुगणे आणि घासले जाणे मात्र प्रत्येक वेळी नव्याने होते. महिनाभरात पारडे उलटते ते म्हणून.

ज्यांनी केस रंगवले आहेत किंवा ब्लीच केले आहेत त्यांना हे आणखी लवकर जाणवते. केसाच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर रासायनिक बंधांनी जोडलेला असतो, आणि केसाचा निसरडेपणा मुख्यतः त्याच्यामुळे असतो. ब्लीच आणि पक्का रंग यांत तो आधीच बराचसा गेलेला असतो, त्यामुळे अशा केसांना सोड्याचे पाणी झेपत नाही आणि फुगलेल्या केसांतून रंगही लवकर उतरतो. नुकतेच स्मूदनिंग, केराटिन किंवा रीबाँडिंग केले असेल तर सोड्याचे नावही काढू नये.

हे सगळे घरच्या घरी पडताळता येते. कंगव्यात आलेले आठ-दहा केस घ्या. एका वाटीत पाव चमचा सोडा पाण्यात पूर्ण विरघळवा, दुसऱ्या वाटीत तेवढ्याच पाण्यात व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. दोन्हींत निम्मे-निम्मे केस दहा मिनिटे ठेवा, नंतर ओला केस अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे सावकाश ओढा. सोड्यातला केस बोटांना जास्त अडखळतो. तोच केस साध्या पाण्यातून काढून कंडिशनर लावून पुन्हा ओढून पाहिला की लगेच निसटतो, आणि मऊपणा कोण देतो आहे हे हातालाच कळते.

ही कृती आली कुठून, हेही सांगायला हवे, कारण तिचे मूळ रूप आपल्याकडे अर्धवट पोहोचले आहे. अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी रासायनिक पद्धतीने केस सरळ करणे सोडून आपले नैसर्गिक केस जपायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी एकमेकींना सांगत अनेक पद्धती घडवल्या. त्यांतल्या मॅक्स हायड्रेशन नावाच्या पद्धतीत पहिल्या पायरीला सोडा आणि कंडिशनरचे मिश्रण किंवा त्याऐवजी पातळ केलेले सफरचंदाचे व्हिनेगर वापरत. त्यानंतर कंडिशनरने धुणे, बेंटोनाइट मातीचा लेप, न धुता ठेवायचा कंडिशनर आणि शेवटी जेल, असा क्रम होता. सोडा आणि व्हिनेगर हे एकमेकांच्या विरुद्ध गुणधर्मांचे पदार्थ एकाच पायरीला पर्याय म्हणून चालत होते, यावरूनच त्या पायरीचा उद्देश साचलेला थर काढणे एवढाच होता हे दिसते. ओलावा देण्याचे काम पुढच्या पायऱ्यांवर होते. ते केसही आपल्यापेक्षा फार घट्ट वळणांचे, आणि त्यांवर शिया बटरसारखे जड पदार्थ नेहमी वापरले जात. आपल्याकडे आली ती फक्त पहिली पायरी, आणि तिलाच केस मऊ करण्याचा उपाय असे नाव मिळाले.

सोड्याने कुरळेपणा सैल होतो, केस थोडे सरळ होतात, असाही एक समज आहे. केसाचे वळण ज्या गंधकाच्या बंधांनी टिकते ते तोडण्याची ताकद सोड्यात नाही. केस सरळ करणारी तीव्र रसायने बारा ते चौदा पीएचची असतात, आणि रीबाँडिंगच्या क्रीममध्ये बंध तोडणारे वेगळे रसायन असते. सोड्यानंतर वळणे ढिली दिसली तर ती विस्कटलेली असतात.

मुंबईच्या संदर्भात पाण्याविषयीही बोलले पाहिजे. पाणी जड आहे म्हणून सोडा घालतो, असे अनेकजणी सांगतात. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा पावसाने भरणाऱ्या जलाशयांतून येते आणि ते मुळात मृदू असते. ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते तिथे क्षारांचा त्रास खरा असतो: साबणाला फेस येत नाही, नळाच्या जाळीवर पांढरी खपली धरते आणि केस धुऊनही चिकट-राठ लागतात. तरीही केसांवर बसलेले हे कॅल्शियमचे क्षार खाण्याच्या सोड्याने निघत नाहीत. त्यासाठी क्षार धरून ठेवणारा घटक असलेला शाम्पू लागतो, ज्याच्या बाटलीवर ईडीटीए हे नाव बरेच वर, पहिल्या काही घटकांत, असते. किंवा सौम्य आम्ल लागते. बोअरवेलचे पाणी असेल तर निदान शेवटचा मग पिण्याच्या पाण्याचा घ्या. शिवाजी पार्कच्या किंवा दुसऱ्या कुठल्या तरण तलावावर नियमित जाणाऱ्यांनी पोहण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवून घ्यावेत, म्हणजे क्लोरीनचे पाणी कमी शोषले जाते.

आता मुलीच्या केसांसाठी काय करावे ते सांगते. दुभंगलेली टोके दोन-तीन सेंटिमीटर कापून घ्या. फाटे फुटलेले टोक कशानेही जुळत नाही, आणि ते ठेवले तर गुंता तिथेच सुरू होतो. नंतर साचलेला थर काढण्यासाठी महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, क्लॅरिफायिंग शाम्पू वापरा. तो फक्त टाळूवर चोळायचा, केसांच्या लांबीवरून फेस वाहून गेला की पुरतो. इतर वेळी सौम्य शाम्पू पुरेसा आहे. शिकेकाईचे पाणी वापरायचे असेल तर ते सौम्य आम्लधर्मी असते, त्यामुळे त्या दृष्टीने सोड्यापेक्षा कितीतरी चांगले. मात्र ते दोनदा गाळून घ्यावे, नाहीतर चोथा वळणांत अडकतो आणि काढता काढता केस तुटतात.

कंडिशनर लावण्याची पद्धत हा ह्या सगळ्याचा गाभा आहे, आणि इथेच बहुतेकींची घाई होते. शाम्पू धुतल्यावर केस पिळू नयेत, पंच्याने पुसू नयेत. पाणी निथळत असतानाच कंडिशनर लावायचा, कारण भिजलेल्या केसावर तो सारखा पसरतो. केसांचे चार भाग करावेत, प्रत्येक भागावर कानाच्या पातळीपासून खाली दोन तळव्यांमध्ये बट धरून कंडिशनर वरून खाली फिरवावा, आणि मग बोटांनी, टोकाकडून सुरुवात करून वर वर जात गुंता उकलावा. बोटे निसटू लागली की रुंद दातांचा कंगवा फिरवावा. त्यानंतर ओंजळीत थोडे पाणी घेऊन बटा खालून वर दाबाव्यात. कंडिशनर आणि पाणी मिळून केसात मुरताना पचपच असा आवाज येतो, तो आला की ओलावा पुरेसा आहे असे समजावे. मग हवे तर टोपी घालून वीस मिनिटे थांबा. ताईंनी जो अर्धा तास सोड्याच्या मिश्रणाला दिला तोच निव्वळ कंडिशनरला दिला असता तर मऊपणा मिळाला असता आणि टोके वाचली असती. धुताना पाणी कोमट किंवा साधे असावे. केस टिपायला जुना सुती टी-शर्ट किंवा धुऊन मऊ झालेला पंचा घ्या, आणि चोळण्याऐवजी बट मुठीत धरून दाबा.

शेवटी आम्ल पाण्याचा एक मग घेतला तर सोड्याने उचललेले खवले बसायला मदत होते. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर एवढे पुरते. लिंबाचा रस नेमका मोजता येत नाही आणि तो फार तीव्र असतो, त्यामुळे मी तो सुचवत नाही.

तेलाबाबत मुंबईच्याच संशोधनाचा आधार आहे. २००३ साली इथल्या मॅरिको कंपनीतील संशोधक रेले आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत केसांतून होणारी प्रथिनांची गळती कमी करणारे तेल खोबरेलच ठरले, कारण त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. धुण्याआधी तासभर, लांबीवर, थोडेसे लावले तर फायदा होतो. तेल थबथबीत लावायचे, मग ते निघत नाही म्हणून सोडा लावायचा, हे चक्र मात्र तोडले पाहिजे. सोडा एवढा सौम्य आहे की काही मिनिटांत त्याने तेलाचा साबण होत नाही, आणि चिकटपणा तसाच राहतो.

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा इतकी दमट असते की ग्लिसरीन जास्त असलेली क्रीम केसांत हवेतले पाणी ओढत राहतात आणि केस फुगतात. त्या दिवसांत ग्लिसरीन घटकांच्या यादीत खाली असलेला कंडिशनर निवडावा आणि वरून अळशीचे जेल लावावे: पाव वाटी अळशी, दोन वाट्या पाणी, तार येईपर्यंत उकळून गरम असतानाच गाळायचे. ते फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते.

एवढे सांगूनही कुणाला सोडा एकदा वापरायचाच असेल, तर मर्यादा पाळावी. एक लहान चमचा सोडा दोन पेले साध्या पाण्यात पूर्ण विरघळवावा, गरम पाण्यात नाही, कारण उष्णतेने सोड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि द्रावण अधिक तीव्र होते. ते कंडिशनरमध्ये न मिसळता आधी ओतावे, मिनिटभरात भरपूर पाण्याने धुवावे आणि मग आम्ल पाणी आणि कंडिशनर लावावा. दोन-तीन महिन्यांतून एकदा यापलीकडे जाऊ नये. सोडा म्हणून पापडखार किंवा धुण्याचा सोडा कधीही घेऊ नये, ते कितीतरी जास्त तीव्र असतात आणि त्वचा भाजू शकतात. बेकिंग पावडर आणि इनो यांत सोड्याबरोबर इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्यांचाही इथे उपयोग नाही. लहान मुलांच्या डोक्याला, खाजवून जखमा झालेल्या टाळूला, इसब किंवा सोरायसिस असताना सोडा अजिबात लावू नये. कोंड्यावरही तो औषध नाही. कोंडा चिवट असेल, किंवा केस मधून तुटण्याऐवजी मुळासकट पुंजक्याने जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

राहिली ती कालवून ठेवलेली बरणी. ती फेकून द्या. कंडिशनरमधल्या आम्लाशी सोड्याची क्रिया होऊन बुडबुडे आले असतील आणि मिश्रण वरून पाणचट, खाली घट्ट असे फाटले असेल. शिवाय सोडियम बेंझोएटसारखी काही परिरक्षके आम्लधर्मी पदार्थातच काम करतात, पीएच आठाला गेला की ती निष्प्रभ होतात, आणि न्हाणीघराच्या दमट हवेत अशा बरणीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. मूळ बाटलीत उरलेला, सोडा न मिसळलेला कंडिशनर मात्र चांगला आहे. पुढच्या धुण्याला तोच वापरा.